मदत हवी आहे: निर्वासितांच्या प्रीफॅब खोल्यांचं टेंडर, प्री-बिडमध्ये हरकत कशी मांडू?

नमस्कार मंडळी,

गोव्यात कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत माझं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. साइट ऑफिसं, वॉचमन केबिन, पॅनेलच्या खोल्या करतो. ईशान्येकडच्या एका राज्यात म्यानमारमधून आलेल्या कुटुंबांसाठी अशाच खोल्यांचं टेंडर निघालंय. पाया आणि उभारणी तिथला कंत्राटदार बघणार, सांगाडा आणि पॅनेलं आमची, असं ठरतंय. प्री-बिड बैठक, म्हणजे दर भरण्याआधी शंका-हरकती मांडायची बैठक, दहा दिवसांवर आली आहे.

अडलंय ते मापावर. पाच माणसांच्या कुटुंबाला १२ चौरस मीटरची खोली मागितली आहे, म्हणजे माणशी २.४. स्फिअर मानकांत (आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) किमान ३.५ सांगितलंय, तेही स्वयंपाकाची जागा सोडून. पाच जणांचे १७.५ होतात. आयकिया फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या साथीनं तयार झालेलं स्वीडनचं 'बेटर शेल्टर' घर नेमकं तेवढंच आहे.

दुसरी गोष्ट आगीची. पॅनेल '५० मिमी पीयूएफ' (दोन पत्र्यांमध्ये भरलेला प्लास्टिकचा फोम) एवढंच लिहिलंय, पुढे एक शब्द नाही. दोन खोल्यांत अंतर किती ठेवायचं, तेही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये झुरिक शहरानं त्याच स्वीडिश घरांची अग्निचाचणी घेतली. ती सहज पेट घेतात असं दिसल्यावर आणलेली ६२ घरं वापरायची नाहीत असं ठरवलं. फोमऐवजी रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरली तर ती पेटत नाही, पण वजन वाढतं आणि दरही.

टेंडरच्या मापाचा एक नमुना यार्डात उभा केला. माझी आई कुर्डीची. साळावली धरणात गाव गेलं तेव्हा ती लग्नाआधीची पोर होती. अजूनही मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराला जाते. तिनं आत जाऊन आमच्या चार कामगारांना चटयांवर आडवं व्हायला लावलं, स्वतः पाचवी झाली. मग उठून दारापर्यंत जायला बघितलं, तर दोघांच्या अंगावरून पाय टाकावा लागला. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, घर सोडून आलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. तो उठणार. त्याला वाट ठेव."

तेव्हापासून १२ चा दर भरायला हात होत नाही. पण मी एकट्यानं १७.५ धरून भरलं तर एल-१, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा, दुसराच कोणीतरी होणार आणि त्या लोकांना १२ चीच खोली मिळणार. बदल टेंडरमध्येच व्हायला हवा, सगळ्यांना सारखा. लहान युनिटवाल्यानं असं लिहिलेलं ऐकतात का? कसं लिहावं? आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे म्हणून ईएमडी, म्हणजे टेंडरसोबत भरायची अनामत, माफ धरू का?

प्रतिसाद:

आधी ईएमडी. टेंडर 'सप्लाय' (मालपुरवठा) म्हणून काढलंय की 'वर्क्स' (बांधकाम) म्हणून, ते बघा. २०१२ चं सूक्ष्म-लघु उद्योगांचं खरेदी धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे, बांधकामाच्या कंत्राटाला ते लागत नाही. शिवाय ते केंद्राच्या खात्यांचं आणि उपक्रमांचं. राज्याच्या टेंडरला त्या राज्याचे नियम. पाया-उभारणी धरून काढलंय म्हणजे बहुधा वर्क्सच. नुसतं उद्यम प्रमाणपत्र जोडून मोकळे झालात तर तांत्रिक छाननीतच बाद व्हाल. हाही प्रश्न प्री-बिडमध्ये लेखी विचारा.

हरकत भावनेनं लिहू नका. कलम क्रमांक, आत्ताची भाषा, सुचवलेली भाषा, कारण, एवढंच. माणशी ३.५ चा आधार द्या. त्याच मानकांत दोन इमारतींत किमान २ मीटर आणि दर ३०० मीटर वस्तीमागे ३० मीटरचा अग्निपट्टा आहे, तोही घाला. 'रॉकवूल द्या' असं मात्र लिहू नका, स्वतःच्या मालासाठी अट वळवतोय असं वाटेल. पॅनेल आगीत किती वेळ टिकलं पाहिजे ते मागा, माल कोणताही असो. खात्याला पटलं तर शुद्धिपत्रक निघतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. आणि आईचं प्रात्यक्षिक फोटो काढून जोडा. पाच चटया १२ चौरस मीटरच्या खोलीत कशा बसतात, ते अधिकाऱ्याला आकड्याआधी दिसेल.

धागाकर्ता:

मनापासून आभार. रॉकवूलचं नाव मी खरंच लिहिणार होतो. आज संध्याकाळी मसुदा करतो आणि चटयांचे फोटो उद्या काढतो. एकच राहिलं: अशा पॅनेलची अग्निचाचणी गोव्यात किंवा पुण्या-मुंबईकडे कुठे करून मिळते आणि अहवालाला किती दिवस लागतात? बैठकीआधी हातात आला तर हवा आहे.