छोटा गुण्या: पात्याची बाहेरची कड काटकोनात, आतली नाही. कानस मारावी की नवा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १०० मिमी पात्याचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, आहे. लाकडी दांडा, त्याला पितळी पट्टी, पोलादी पातं. रेघा मारायला उत्तम. पण याच गुण्याने तपासून रंधलेल्या चार फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या की सपाट पाट तयार होत नाही, हलका बाक येतो.

म्हणून गुण्याच तपासायला घेतला. आधी एमडीएफच्या तुकड्याची कड सरळ आहे याची खात्री केली, नाहीतर पुढचं सगळं फुकट. दांडा कडेला दाबून मार्किंग नाइफने रेघ मारली, गुण्या उलटा केला आणि त्याच बिंदूतून दुसरी मारली. या कामाला पेन्सिल नको. टोक झिजतं तशी रेघ जाड होत जाते आणि नेमका बघायचा फरक तीच खाऊन टाकते.

पात्याच्या बाहेरच्या कडेने मारलेल्या दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. आतल्या कडेने मारलेल्या मात्र टोकाला अर्धा मिमी फाकल्या. उलटवल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक १०० मिमीला पाव मिमी, अंशात साधारण ०.१४. कॅलिपर लावला तर पातं टोकाकडे तेवढंच रुंद निघालं. दांडा घट्ट आहे, पात्याच्या कडाच समांतर नाहीत.

२० मिमी जाड फळीवर ही चूक जेमतेम ०.०५ मिमी होते. एकट्या फळीत कोणाला कळणारही नाही, पण प्रत्येक सांध्यात दोन कडा असतात आणि सगळ्या फळ्या एकाच बाजूने तपासल्या की चूक साचत जाते. एकाआड एक फळी उलटी करून रंधली तर कोन एकमेकांना खातात हे माहीत आहे. तरी ज्या हत्याराने तपासायचं ते तरी बरोबर असावं, असं मला मनापासून वाटतं.

तर प्रश्न असे. आतली कड कानशीने समांतर करता येईल का? आणि नवाच घ्यायचा तर अख्खा पोलादी इंजिनिअर्स स्क्वेअर घ्यावा की सरकत्या पट्टीचा छोटा कॉम्बिनेशन स्क्वेअर?

प्रतिसाद

बाहेरची कड बरोबर आहे, त्यामुळे गुण्या वाचेल. तिला हात लावू नका. आतल्या कडेला मार्करची शाई फासा आणि बारीक कानस फक्त टोकाच्या बाजूने चालवा. शाई कुठे पुसली जाते त्यावरून कानस कुठे लागतेय ते दिसत राहतं. मध्ये मध्ये कॅलिपरने रुंदी मोजा आणि शेवटचे हात ऑइलस्टोनवर (तेल लावून वापरायचा धारेचा दगड) मारा. कोपऱ्याजवळ पंच ठोकून कोन उघडायची युक्ती कोणी सुचवेल, ती इथे नको. तिने बाहेरचा चांगला कोनही बिघडेल.

नवा घ्यायचा तर माझं मत इंजिनिअर्स स्क्वेअरला. त्यात सरकणारा भाग नसतो. कॉम्बिनेशन स्क्वेअरची खाच झिजली की पट्टी डोलते. डीआयएन ८७५ या गुण्यांच्या जर्मन मानकात अचूकतेच्या ००, ०, १, २ अशा श्रेणी आहेत. सगळ्यात ढिली २, तिलाही १०० मिमीला साधारण ०.०३ मिमीचीच मुभा. लाकडाला ती पुष्कळ झाली. आतल्या कोपऱ्यात छोटी खाच असलेलाच निवडा, म्हणजे भुसा किंवा कडेला उभी राहिलेली बारीक बर (कंगोरा) अडकून गुण्या उचलला जात नाही. आणि घेण्याआधी हीच उलटापालट दोन्ही कडांनी करून बघा, नुसती बाहेरच्या नको.