मदत हवी आहे : टोळधाड कुठून आली तो मार्ग उलटा काढताना वाऱ्याची उंची कोणती धरावी?

मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून अमरावती आणि काटोल भागात उतरलेल्या वाळवंटी टोळांचा मार्ग हायस्प्लिटमध्ये (वाऱ्यासोबत वाहणाऱ्या बिंदूचा मार्ग काढणारं मॉडेल) उलटा, म्हणजे उतरल्या जागेपासून मागे, काढतोय. वारा इआरए५ चा (युरोपीय हवामान केंद्राचा मागच्या हवामानाचा माहितीसंच), तासागणिक.

आधी सलग ७२ तास चालवून पाहिलं. चूकच ती, टोळ दिवसा उडतात, रात्री झाडांवर बसतात. आता रोज सूर्यास्ताच्या ठिकाणापासून सूर्योदयापर्यंतच मागे जातो, रात्री बिंदू जागेवर ठेवतो. तरी १०० आणि १००० मीटर उंचीवर काढलेल्या मार्गांच्या रेषा तिसऱ्या दिवशी पार वेगळ्या होतात. टोळ १८०० मीटरपर्यंत चढू शकतात म्हणतात, पण विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी जमिनीपासून वर हवा मिसळत राहते तो थर त्याहूनही उंच जातो, म्हणून पूर्ण थरातल्या वाऱ्याची सरासरी घ्यायलाही मन धजत नाही. शिवाय मॉडेलचा उभा वारा बिंदूंना नको तितका वर-खाली नेतो. तो बंद करून उंची स्थिर ठेवली, फरक थोडाच पडला.

साधा लॅपटॉप आहे, पायथन येतं. विकतचं सॉफ्टवेअर नको. नोंदी फक्त जिथे थवे दिसले त्या गावांच्या, उड्डाणाच्या उंचीची एकही नाही.

अशा वेळी एकच उंची धरावी, की अनेक उंचींवर मार्ग काढून गावांच्या नोंदींशी जुळणाऱ्यांना जास्त वजन द्यावं? आणि सकाळी उड्डाण सूर्योदयानंतर किती तासांनी सुरू झालं असं मानावं?