अक्रात राहून जोलोफ खाल्ला आणि केंटे घेतलं, की घानाची संस्कृती बघून झाली का?

टेमावासी:
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं झाली टेमाला आहे, राजधानी अक्राला लागून असलेलं बंदराचं शहर, नोकरी इथेच. परवा मावसभावाने पुण्याहून एका टूरचा कार्यक्रम पाठवला, डिसेंबरात सात दिवस येतोय म्हणाला. त्यात मोठ्या अक्षरात "घानाची संस्कृती अनुभवा" आणि खाली काय, तर हॉटेलात जोलोफ राइस (टोमॅटोत शिजवलेला तिखट भात) आणि ढोलांचा कार्यक्रम, एका दुपारी बाजारात केंटेची (पट्ट्या जोडून केलेलं रंगीत हातविणीचं कापड) खरेदी, केप कोस्टचा किल्ला, झालं. सगळ्या रात्री अक्रात. मी त्याला सरळ सांगितलं की असा येऊ नकोस, एकच प्रांत धर आणि तिथे चार दिवस राहा. त्याला राग आला. म्हणून इथे विचारतोय.

माझं म्हणणं असं की "घानाचं जेवण" आणि "घानाचं कापड" अशी एक वस्तूच नाही. २०१९ पासून इथे १६ प्रांत आहेत आणि थोडं पुढे गेलं की ताट बदलतं. अक्रा मूळची गा लोकांची, त्यांची केंकी (आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा) कणसाच्या सालात बांधलेली असते, तीच केप कोस्टकडे फान्ते लोक पानात बांधतात आणि चव वेगळी लागते. कुमासीला आशांती लोकांचा फुफू (उकडलेला कंद कुटून केलेला मऊ गोळा). उत्तरेला तामालेकडे गेलात की तुओ झाफी (पिठाचा शिजवलेला मऊ गोळा) आणि तागाच्या कुळातल्या पाल्याचं बुळबुळीत कालवण. कापडाचंही तेच, बाहेर सगळ्यांना केंटे माहीत, पण उत्तरेचा माणूस फुगू घालतो, हातमागाच्या जाड पट्ट्या जोडून शिवलेला घेरदार सदरा. ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्याची घोषणा करताना पहिले पंतप्रधान एन्क्रुमांच्या अंगात हाच सदरा होता, केंटे नव्हे.

आणि प्रत्येक गोष्टीला वेळ असते. गा लोकांचा होमोवो सण, नावाचा अर्थच भुकेची टर उडवणं. त्याच्या आधी साधारण महिनाभर अक्रात ढोल वाजवायला बंदी असते, शहर गप्प होतं, मग सणाला क्पोक्पोई नावाचं मक्याचं अन्न शिजतं आणि गावप्रमुख ते पूर्वजांसाठी रस्त्यात शिंपडत जातो. हॉटेलातला ढोल ऐकून हे कसं कळणार?

दुसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याची आई गेली, शनिवारी अंत्यविधी होता. मी आपला बाजारातून घेतलेला पिवळा-हिरवा केंटेछाप शर्ट घालून गेलो, वाटलं यांचंच कापड आहे, मान दिल्यासारखं होईल. तिथे सगळे लाल आणि काळ्यात. कोणी एक शब्द बोललं नाही. त्याच्या मावशीने आतून एक काळं कापड आणलं, माझ्या खांद्यावर टाकलं, टोक काखेखालून नीट खोचलं आणि हाताला धरून खुर्चीवर बसवलं. ते कापड अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी मला कळलं की कापड घेणं सोपं, ते कधी घालायचं नाही हे कळायला माणसांत बसावं लागतं.

भटकंती_नाशिक:
दादा, लिहिलंय छान पण तुमचं म्हणणं मला पटलं नाही. तुम्ही तिथे सहा वर्षं आहात, आम्हाला ऑफिसातून आठ दिवसांची सुट्टी मिळताना मारामार आणि मुंबईहून तिकीट काय पडतं ते तुम्हालाही माहितीये. मग आम्ही यायचंच नाही का? मी दोन वर्षांपूर्वी पाच दिवस अक्रात होते, बाहेर कुठेच गेले नाही, तरी रिकाम्या हाताने परत आले असं मुळीच वाटत नाही.

रोज सकाळी राहत्या जागेच्या कोपऱ्यावर एक बाई वाचे विकायची. भात आणि चवळी एकत्र शिजवलेली, रंग लालसर तपकिरी. मी विचारलं रंग कशाचा, तर तिने पातेल्यातून वाळलेलं लाल पान काढून दाखवलं, ज्वारीच्या ताटाचं! आमच्या आजोळी सिन्नरला ते सगळं गुरांपुढे जातं आणि इथे त्याने भाताला रंग येतोय. तिने हेही सांगितलं की हा पदार्थ उत्तरेकडच्या हौसा लोकांचा, तिची आजी तिकडून आली. म्हणजे उत्तर मला अक्राच्या कोपऱ्यावर भेटली ना? राजधानीत सगळे प्रांत येऊन राहतात, सोबत आपापला स्वयंपाक आणतात. मुंबईत राहून मालवणी आणि खानदेशी दोन्ही खाता येतं की नाही?

आणि अजून एक. कोणी जेवत असेल आणि तुम्ही शेजारून गेलात की तो "यू आर इन्व्हायटेड" म्हणतो. आपलं "या जेवायला", अगदी तेच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळ्यात पाणी आलं माझ्या. याला मी संस्कृतीच म्हणते आणि त्यासाठी चार दिवस कुठे जाऊन राहावं लागलं नाही.

येवल्याचा_माग:
जेवणाचं मला माहीत नाही, कापडावर बोलतो कारण आमच्या घरात तीन पिढ्या माग आहे. टेमावासी साहेबांना पूर्ण पाठिंबा. पैठणीच्या नावाखाली पॉवरलूमचा माल विकला जातो आणि गिऱ्हाईक आम्हाला येऊन विचारतं की तुमची एवढी महाग का. केंटेचंही तेच चाललंय, मशीनवर छापलेलं, बरंचसं परदेशातून आलेलं, टूरवाल्यांच्या बसमधून उतरलेली माणसं तेच घेतात.

खऱ्या केंटेचा माग अरुंद, पट्टी जेमतेम चार इंच रुंदीची निघते. पुरुषाच्या अंगभर कापडाला अशा वीसच्या वर पट्ट्या लागतात आणि त्या शेजारी शेजारी शिवताना नक्षी जुळली पाहिजे. म्हणजे विणणाऱ्याने पहिली पट्टी विणतानाच शेवटची डोक्यात धरलेली असते. हे ज्याने माग चालवलाय त्यालाच कळेल किती अवघड आहे. त्यांच्यात एका नक्षीचं नाव आद्वेनेआसा, अर्थ असा की माझी सगळी अक्कल यात संपली. आमच्या वडलांना हे सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले बरोबर नाव ठेवलंय. २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने केंटेची कारागिरी आपल्या वारसा यादीत घेतली, पण यादीने माग चालत नाही, विकत घेणाऱ्याने चालतो. छापील घेऊ नका. परवडत नसेल तर एक पट्टी घ्या, गळ्यात घाला, पण हाताची घ्या.

कुमासीची_सून:
मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन कुमासीला अकरा वर्षं झाली, सासर आशांती. वरचं सगळं वाचलं आणि थोडं लागलं मनाला म्हणून लिहितेय.

येवलेकर दादा, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहेच. पण छापील कापड म्हणजे खोटं, हे माझ्या सासूबाईंसमोर कुणी बोललं तर त्या ऐकून घेणार नाहीत. इथल्या बायका रोज हातविणीचं केंटे नेसत नाहीत, ते लग्नाला, बारशाला, राजवाड्यावर जाताना. एरवी वॅक्स प्रिंट, म्हणजे यंत्रावर छापलेलं रंगीत सुती कापड. तो प्रकार मुळात जावाच्या बाटिकची नक्कल म्हणून डच लोकांनी काढला हे खरं, पण त्याला नावं दिली इथल्या बाजारातल्या बायकांनी. एका नक्षीचं नाव आह्वेने पा न्कासा, चांगले मणी आवाज करत नाहीत, म्हणजे आपलं उथळ पाण्याला खळखळाट फार. एकीचं न्सु बुरा, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तसे ठिपके. एकीचं सिका वो न्ताबान, पैशाला पंख असतात. जावेशी माझं वाजलं होतं तेव्हा सासूबाईंनी मला मण्यांवालं कापड आणून दिलं, तोंडाने काही बोलल्या नाहीत. मी दोन दिवसांनी अर्थ विचारला आणि मग जाऊन जावेशी बोलले. आता सांगा, हे कापड यंत्रावर छापलेलं होतं म्हणून खोटं का?

आणि बाहेरून आलेलं म्हणजे खरं नाही असं धरलं तर जेवणात काय उरेल? मका, कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद), शेंगदाणा, टोमॅटो, मिरची, सगळं अमेरिकेतून आलेलं. ते काढून टाका, मग केंकी कशाची आणि फुफूतला कसावा कुठून आणणार? आपल्याकडे तरी मिरची कुठली मूळची?

टेमावासी, तुमची ती मावशीची गोष्ट वाचून मात्र गलबलून आलं. तसंच करतात इथे. आणि केंटेला कुठल्याही साध्या कापडासारखं धरू नये हेही खरं. एका नक्षीचं नाव फाथिया फाता न्क्रुमा होतं, फाथिया एन्क्रुमांना शोभते, त्यांची इजिप्तची बायको. १९६६ ला सैन्याने त्यांना पदावरून काढलं आणि त्याच कापडाला नवीन नाव पडलं, ओबाकोफो म्मु मान, एकट्याने राज्य चालत नसतं. नक्षी तीच, अर्थ फिरला. पण हे मला सांगितलं कुणी, तर दुकानदाराने, दहा मिनिटांत. पर्यटकाने नीट विचारलं तर त्यालाही सांगतात.

शुद्ध_शाकाहारी_डोंबिवली:
माझा मुद्दा वेगळा आहे. सगळे म्हणताय जेवणातून संस्कृती कळते, मग जो मासे-मटण खात नाही त्याने काय करायचं? शितोत (तिखट काळ्या चटणीत) सुके मासे, सुपात मटण, वाचेवर अंडं आणि कातडं. माझ्यासारख्याला हे दारच बंद आहे. मग कापड आणि सण याच दोन गोष्टी उरतात आणि त्यावर जास्त लिहायला हवं.

कुमासीची_सून:
काका, दार बंद नाहीये. न्काटेन्क्वान म्हणजे शेंगदाण्याचं सूप, मी घरी मटण न घालता करते आणि आई आली होती तेव्हा पहिल्या घासाला म्हणाली, अगं ही तर उपासाची दाण्याची आमटी, फक्त टोमॅटो आणि कांदा घातलास. सोबत भाताचे मऊ गोळे, ओमो तुओ. केलेवेले, म्हणजे आलं-मिरची लावून तळलेलं केळं, संध्याकाळी रस्त्यावर गरम मिळतं. रेडरेड म्हणजे पाम तेलातली चवळी आणि सोबत तळलेलं पिकलं केळं, पण त्यात मासे नाहीत ना हे आधी विचारून घ्या, काही जण घालतात.

फुफू मात्र एकदा कुणाच्या घरी अंगणात कुटताना बघाच. एक जण उभ्याने मुसळ मारतो, दुसरी बसून उखळात हात घालून दर दोन घावांच्या मधे गोळा फिरवते. माझे मिस्टर मुसळ मारतात आणि नणंद फिरवते, दोघं बोलत असतात, हात कधी चुकत नाही. मला अकरा वर्षांत अजून फिरवायला दिलेलं नाही, बोटं चिरडतील म्हणतात. खाताना चावायचा नाही, उजव्या हाताने तुकडा तोडून सुपात बुडवून गिळायचा. डावा हात ताटाला लावायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

टेमावासी:
ताई, वॅक्स प्रिंटबद्दल तुमचं मान्य, मीही सगळं छापील एकाच मापात मोजत होतो ते चुकलं. पण केंटेची नक्षी मशीनवर छापून केंटे म्हणून विकणं यावर मी येवलेकरांसोबतच आहे. वॅक्स प्रिंट स्वतःचं नाव घेऊन उभं आहे, हे दुसऱ्याचं नाव घेतं. आणि विणकर इथे फक्त आशांतीच नाहीत. पूर्वेच्या वोल्टा प्रांतात आगोटिमे-क्पेटोएला एवे लोकांचे विणकर आहेत, ते कापडात प्राणी, माणसांचे हात विणतात, आणि केंटे मूळचं कुणाचं यावर दोघांचा जुना वाद आहे. अक्राच्या बाजारात हा वाद ऐकू येत नाही.

नाशिककर ताई, वाचेवाल्या बाईला तुम्ही पानाबद्दल विचारलंत, टूरची बस कोपऱ्यावर थांबतच नाही. माझा राग सात दिवसांवर नाही, त्या बसवर आहे.

भटकंती_नाशिक:
मग तसं लिहायचं होतं ना दादा, "येऊ नकोस" का म्हणालात भावाला? तो बिचारा पहिल्यांदा आफ्रिकेत येतोय, घरचे घाबरलेले असणार, म्हणून टूर घेतली असेल त्याने. येऊ दे. मी अजूनही म्हणते, पाच दिवस अक्रातले कमी नसतात.

टेमावासी:
काल फोन केला त्याला. टूर रद्द करत नाहीये, पण मधले दोन दिवस सोडून माझ्यासोबत कुमासीला येतो म्हणाला. बसने पाच-सहा तास, तिथून बोनविरेला विणकरांकडे. सूनबाई, त्या दरम्यान आशांती राजाच्या मान्हिया राजवाड्यावर आक्वासिदेचा सण येतोय का, दर सहा आठवड्यांनी रविवारी असतो ना?

कुमासीची_सून:
बघून सांगते, सासऱ्यांकडे कॅलेंडर आहे. दोघंही घरी या जेवायला. आणि त्याला सांगा, काळं-लाल काही आणू नको.