'हायलँडर'मधली रेचेल नेमकी कोण? आणि मुलीला कोणती आवृत्ती दाखवू?

घाटावरचा
दहावीत असताना पाहिलेला 'हायलँडर' (1986) परवा रात्री पुन्हा पाहिला. तेव्हा सांगलीत गल्लीतल्या आठ-दहा पोरांनी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणला होता. एका रात्रीत तीन कॅसेटी बघायच्या ठरल्या होत्या. ही शेवटची, पहाटे तीनच्या सुमारास लावलेली. सिनेमा अमर माणसांचा, मुंडकं उडालं तरच ती मरतात. आम्हाला हव्या होत्या तलवारी. मुंडकं उडालं की विजा कडाडायच्या, काचा फुटायच्या, आणि आम्ही ओरडायचो. मधे डोंगरातलं ते घर आणि अमर नायक कॉनरची साधी, मर्त्य बायको हेदर आली की कुणीतरी फॉरवर्डचं बटण दाबायचं.

परवा मी नेमका तिथेच थांबलो. कॉनरला तलवार शिकवणारा दुसरा अमर, रामिरेझ, त्याला सांगतो, हेदरला सोड. त्याची स्वतःची जपानी बायको शाकिको गेली तेव्हा तो पार कोसळला होता, ते दुःख याच्या वाट्याला येऊ नये म्हणून सांगतो. कॉनर ऐकतो आणि तरीही थांबतो. पुढे गाणं सुरू होतं. ती म्हातारी होत जाते, तो आहे तसाच. मरताना ती म्हणते, दर वाढदिवसाला माझ्या आठवणीत एक मेणबत्ती लाव. तो आपल्या कुळाची तलवार तिच्या थडग्याशी रोवून निघून जातो. आणि चारशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावून तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

माझ्या आईचे हात आता थरथरतात. रोज सकाळी बाबा तिची वेणी घालतात. बाबा ब्याऐंशीचे आहेत. हे रोज दिसत असल्यामुळे असेल, तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

आता शंका. कॉनरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात रेचेल म्हणून एक वयस्कर बाई आहे. ती सेक्रेटरी, पण त्याच्याशी बोलते जवळच्या माणसासारखी, आणि त्याचं गुपितही तिला ठाऊक आहे. हे कसं, ते मला कळलंच नाही. माझ्याकडून काही निसटलं का? दुसरं, पंधरा वर्षांच्या मुलीबरोबर हा बघावा का?

रीळवेडा
दादा, तुमच्याकडून काही निसटलेलं नाही, तुमच्या प्रतीतून निसटलंय. अमेरिकेत चित्रपटगृहांत 110 मिनिटांची प्रत लागली, युरोपात 116 मिनिटांची. त्या सहा मिनिटांत दुसऱ्या महायुद्धातला एक प्रसंग आहे. लपलेली एक लहान मुलगी कॉनरला सापडते. नाझी सैनिक त्याच्यावर गोळ्या झाडतो, हा पडतो आणि पुन्हा उठतो. मुलगी डोळे विस्फारून बघत राहते, तेव्हा तो तिला म्हणतो, ही एक प्रकारची जादू आहे. ती मुलगी म्हणजे रेचेल. त्याने तिला वाढवलं, आणि आता ती त्याच्यापेक्षा वयाने मोठी दिसते. शेवटच्या लढाईला जाताना तिचा निरोप घेतो तेव्हा तो तेच वाक्य पुन्हा बोलतो. लहान प्रतीत ते वाक्य नुसतंच हवेत राहतं. चित्रपटाला गाणी देणाऱ्या क्वीन या ब्रिटिश बँडच्या 'अ काइंड ऑफ मॅजिक' या गाण्याचं आणि अल्बमचं नावही त्यावरूनच आलं. तेव्हा 116 मिनिटांचीच बघा.

एक नक्की पाहा. दिग्दर्शक रसेल मल्केही आधी गाण्यांचे व्हिडिओ करायचा, ते कॅमेऱ्यात दिसतं. माशांच्या टाकीतून कॅमेरा वर येतो तो थेट स्कॉटलंडच्या तळ्यावर. न्यूयॉर्कच्या वाहनतळाचं छत ओलांडलं की 1536 सालची गवताळ टेकडी. माझ्या मते काळ ओलांडायची इतकी देखणी रीत त्या दशकात फार थोड्यांना जमली. आणि तलवारी शिकवायला बॉब अँडरसन होता, 1952 च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून तलवारबाजी खेळलेला. उगाच नाही त्या झुंजी अजून बघवतात.

1991 चा दुसरा भाग मात्र मुलीला दाखवू नका. त्यात या अमर माणसांना परग्रहावरचे करून टाकलंय. पहिल्या भागाचं गूढच जातं.

कृष्णाकाठ
गाण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेदर म्हातारी होताना वाजतं ते 'हू वॉन्ट्स टू लिव्ह फॉरएव्हर' लिहिलं क्वीनचा गिटारवादक ब्रायन मेने. अल्बमवर पहिलं कडवं तो स्वतः गातो, चित्रपटात मात्र सगळं क्वीनचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजात आहे. मी वाईचा. आमच्या पसरणी घाटाच्या वर, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा मुलगा शिकला, तिथल्याच 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा. तोच पुढे फ्रेडी झाला. 1991 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. हे माहीत असताना ते गाणं मला कधी कोरड्या डोळ्यांनी ऐकता आलं नाही.

सातपुड्यातून
आमच्या नंदुरबारकडे दिवाळीत अस्तंभ्याच्या डोंगरावर यात्रा जाते, अश्वत्थाम्याची. आजी सांगायची, तो अजून जखमेसाठी तेल मागत फिरतो. आपण पत्रिकेत पोराच्या नावाआधी 'चि.' लिहितो खरं, पण गोष्टींतला चिरंजीव बहुतेक एकटाच. कॉनरला मात्र शेवटी उरलेला एकमेव अमर म्हणून जे बक्षीस मिळतं त्यात म्हातारपण आहे, मरण आहे आणि मुलंबाळंही. मला तो शेवट फार आवडतो.

दोन_मुलींची_आई
दादा, पंधराव्या वर्षी चालेल, पण शेजारी बसा. मुंडकी उडणं तिला सोसवेल. चर्चमध्ये कॉनरचा वैरी, खलनायक कुर्गन, आपण हेदरवर केलेल्या अत्याचाराबद्दल बोलतो आणि कॉनरला तिथे पहिल्यांदाच ते कळतं. ती जागा जड आहे. पवित्र जमिनीवर लढायचं नाही हा अमरांचा नियम असल्याने कॉनर काहीच करू शकत नाही. त्यानंतर थोडं थांबून मुलीशी बोला. एक शय्याप्रसंगही आहे, तो आधी स्वतः बघून ठरवा.

घाटावरचा
सगळ्यांचे मनापासून आभार. 116 मिनिटांची प्रत मिळाली, काल मुलीबरोबर पाहिली. ताई, चर्चच्या प्रसंगानंतर खरंच थांबवलं. ती म्हणाली, "हेदरने शेवटपर्यंत त्याला सांगितलंच नाही?" मग बराच वेळ दोघंही बोललो नाही.

युद्धातली ती लहान मुलगी आली तेव्हा मी काही सांगायच्या आत हिने ओळखलं. "बाबा, ही दुकानातली."

आज सकाळी उठून बघतो तर आजीची वेणी ती घालत होती, आणि आजोबा बाजूला बसून ती सैल होतेय म्हणून सूचना देत होते.