‘होल्ड बॅक’ला मराठीत नेमकं म्हणायचं तरी काय? मदत हवी आहे

मंडळी, एका क्रियापदाने चार दिवस छळलंय. ‘होल्ड बॅक’. दोन्ही शब्द इतके साधे की कोश उघडायची गरजच वाटली नव्हती. होल्ड बॅक म्हणजे रोखणे, झालं.

हौस म्हणून एका इंग्रजी कथेचं भाषांतर करतेय. त्यात मुख्याध्यापक एका मुलाच्या आईला बोलावून सांगतात, ‘वी हॅव डिसायडेड टु होल्ड हिम बॅक.’ मी बिनधास्त लिहिलं, ‘आम्ही त्याला रोखून धरायचं ठरवलं आहे.’ पोरगा दांडगट असेल, मारामाऱ्या करत असेल असं वाटलं. दोन पानं उलटली तर हा नव्या वर्षी त्याच वर्गात, आपल्याहून बुटक्या पोरांमध्ये बसलेला, गुडघे बाकाला घासतायत. तेव्हा ट्यूब पेटली.

मग धास्ती घेऊन सगळं पुन्हा चाळलं. आई घरी येते, ‘शी हेल्ड बॅक हर टिअर्स’. वडील मुलाला दटावतात, ‘यू आर होल्डिंग समथिंग बॅक’. मैदानावर प्रशिक्षक ओरडतो, ‘डोन्ट होल्ड बॅक!’ आणि शेवटाकडे, ‘फिअर हेल्ड हिम बॅक’. वडिलांच्या तोंडी मी ‘तू काहीतरी रोखून धरतोयस’ घातलं होतं. मोठ्याने वाचलं आणि एकटीच हसत बसले.

तर प्रश्न असा, की या सगळ्याला पुरेल असा एखादा मराठी शब्द आहे का? नसेल तर कुठे कोणता अर्थ, हे ओळखायचं कसं? कोशात सात-आठ अर्थ ओळीने दिलेत, पण त्यातला कुठला उचलायचा ते कोश सांगत नाही.

प्रतिसाद १

एक शब्द शोधूच नका, फसाल. वर्गाचं तेवढं सांगतो. हा अर्थ अमेरिकी शाळांच्या गोष्टींत हमखास भेटतो. ‘त्याला यंदा त्याच वर्गात ठेवायचं ठरवलंय’ एवढं साधं लिहा. ‘नापास केलं’ लिहू नका. परीक्षेत पास झालेल्या पण वयाने किंवा वाचनात मागे असलेल्या मुलालाही असं ठेवतात.

प्रतिसाद २

ताई, क्रियापदाकडे बघू नका, त्याच्या कर्माकडे बघा. काय अडवलंय, ते अडवलं नसतं तर कुठे गेलं असतं, एवढं विचारलं की मराठी शब्द आपसूक येतो.

आतून बाहेर उसळणारं काही असेल, म्हणजे रडू, हसू, राग, तर आपण ते आवरतो. ‘तिने डोळ्यांतलं पाणी आवरलं’. हुंदका असेल तर गिळतो. बाहेरून अंगावर येणारं असेल, गर्दी किंवा पुराचं पाणी, तर थोपवतो. तुमचं ‘रोखणे’ खरं इथलं. दुसऱ्याला द्यायची किंवा सांगायची वस्तू असेल तर मात्र आपण ती हातची राखतो. वडिलांचं वाक्य ‘तू काहीतरी लपवतोयस’ असं करता येईल, पण लपवण्यात लबाडी येते. ‘तू सगळं सांगत नाहीयेस’ जास्त जवळचं, कारण होल्ड बॅकमध्ये थोडं सांगून उरलेलं मागे ठेवलेलं असतं.

पैशांतही हेच. बांधकामाच्या बिलातली काही रक्कम काम पुरं होईपर्यंत मागे ठेवतात. कॅनडात तिला ‘होल्डबॅक’ असंच नाव आहे, आणि ऑन्टॅरिओ प्रांताच्या कायद्यात ती १० टक्के ठरवून दिलेली आहे. म्हणजे क्रियापदाचं नाम होऊन ते थेट कायद्यात जाऊन बसलंय.

भीतीचं वाक्य उलटं आहे. इथे माणूसच अडलाय आणि अडवणारी वस्तू निर्जीव. ‘भीतीने त्याला मागे धरलं’ असं कुणी बोलत नाही. ‘भीती आड आली’ म्हणा, किंवा नुसतं ‘त्याचं धाडस झालं नाही’.

सगळ्यात अवघड प्रशिक्षक. तिथे कर्मच नाही. कर्म नसलं की माणूस स्वतःलाच आखडतोय असं समजा. मग बघायचं काय आखडतोय. खेळात असेल तर ‘अंग चोरू नकोस!’, खर्चात ‘हात आखडता घेऊ नका’, बोलण्यात ‘भीड ठेवू नका’.

जाता जाता, वाक्यरचनेचं एक. ‘होल्ड बॅक द क्राउड’ आणि ‘होल्ड द क्राउड बॅक’ दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘होल्ड देम बॅक’. ‘होल्ड बॅक देम’ चूक.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१. त्यातल्या ‘राखणे’वरून आठवलं. ‘होल्ड’चं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘हेआल्डन’. त्याचाच भाऊबंद असलेला गॉथिक भाषेतला ‘हाल्डान’ म्हणजे चक्क गुरं राखणे! आपलं ‘राखणे’ संस्कृत ‘रक्ष्’वरून आलं, गुराखी त्यातलाच. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण गुरं राखता राखता दोघेही ‘मागे ठेवणे’पर्यंत पोचले. म्हणून एकच शब्द हवाच असेल तर माझं मत ‘राखणे’ला. अश्रूंना मात्र तोही चालणार नाही.

आणि ‘होल्ड ऑफ’शी गल्लत करू नका. ‘द रेन हेल्ड ऑफ’ म्हणजे पाऊस यायचा होता पण आला नाही. तिथे ‘बॅक’ टाकलं तर पाऊसच संकोचला असं होईल. कवितेत खपेल म्हणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आत्ताच बसून बदल केले. मुख्याध्यापक: ‘त्याला आणखी एक वर्ष याच वर्गात ठेवावं असं आम्हाला वाटतं.’ आई: ‘तिने रडू आवरलं.’ वडील: ‘सगळं सांगत नाहीयेस तू.’ प्रशिक्षक: ‘अंग चोरू नकोस!’ भीतीच्या वाक्यात ‘त्याचा पाय निघेना’ असं केलंय, कारण तो मुलगा तिथे दारात उभा आहे. भीती आधीच्या ओळीत येऊन गेलीये, त्यामुळे तिचं नाव पुन्हा घेतलं नाही. कुणाला खटकत असेल तर सांगा, पण सौम्यपणे. होल्ड बॅक करून.