पेडर रोडच्या चढावर दरवर्षी माझंच का बिनसतं?

ठाणेकर_धावरा:
मुंबईतली फुल मॅरेथॉन, तिसरी खेप. पहाटे सीएसएमटीहून निघालो, सी-लिंक मस्त गेला. हाजी अली मागे पडलं आणि पेडर रोडच्या चढावर पोटरीत असा गोळा आला की दुभाजक धरून उभा! त्यात पुढे चौघं रस्ताभर पसरून सेल्फी काढत चाललेले. खेकसलो, मग लाज वाटली. एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली, म्हणून पोचलो. ५ तास २२ मिनिटं. या चढाचं करू काय?

जुना_गडी:
चढाला बोल लावू नका. पहिले १० किमी कितीत मारलेत?

ठाणेकर_धावरा:
५७ मिनिटांत 🙈

जुना_गडी:
मग झालं की! पाच तासांचं गणित असेल तर ७१ मिनिटांच्या आत १० किमी संपवायचेच नाहीत.

दमलेली_पण_पोचलेली:
मी तिथे खांब मोजते. दोन खांब धाव, एक खांब चाल. सेल्फीवाल्यांना फक्त ‘उजवीकडून!’ म्हणते. खेकसायला लागणारा दम पुढे मरीन ड्राइव्हच्या उन्हात लागतो हो दादा.

ठाणेकर_धावरा:
खांबांचं पटलं. रविवारी येऊरच्या चढावर करून बघतो.