तातडीने मदत हवी: 'लास्ट लेग्ज'ला मराठीत काय?

टंकमोडी: 'द ओल्ड गर्ल इज ऑन हर लास्ट लेग्ज' याला काय म्हणाल? उपशीर्षकांची फाइल उद्या सकाळी द्यायचीय. 'शेवटच्या पायांवर' सुचवू नका, ते यंत्रानेच दिलंय. लगेच पुढे तो म्हणतो, 'अँड आय ॲम नॅकर्ड.' तेही हवंय.

पेणकर: 'म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय.' यात अडलं कुठे?

कावेरी७१: बोलणारा मुलगा आहे की जावई? जावयाच्या तोंडी 'म्हातारी' बरं दिसत नाही.

टंकमोडी: अहो, ती बोट आहे! मासेमारीची. बोलणारा तिचा मालक, इंग्लंडमधला.

पेणकर: मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

टंकमोडी: 'ओल्ड गर्ल' म्हणजे जुनी गाडी, बोट हे माहीत असेल असं वाटलं.

बंदरावरचा: आमच्याकडे बोट घटकाबिटका मोजत नाही. काकांच्या होडीच्या फळ्या सुटायला लागल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, 'हिच्यात आता काय राम नाय.'

पेणकर: इंग्लंडच्या कोळ्याच्या तोंडी राम?

बंदरावरचा: मग काय, 'हिच्यात येशू नाही' म्हणू?

शब्दवेल्हाळ: नॅकर म्हणजे निकामी घोडे विकत घेऊन मारणारा. त्यावरून नॅकर्ड. थकलेला माणूस आणि मोडकी गाडी, दोघांनाही चालतो. जरा रांगडा शब्द आहे, 'मी थकलोय' त्यापुढे मिळमिळीत वाटतं. पार थकण्यालाच इंग्रजीत 'फ्रॅझल' असाही शब्द आहे, त्याचीही गंमत आहे. १८६५च्या एप्रिलमध्ये अमेरिकी यादवीत दक्षिणेकडच्या जनरल गॉर्डनने आपले सेनापती ली यांना निरोप धाडला की माझं सैन्य लढून लढून...

टंकमोडी: फ्रॅझल कुणी विचारलंय?

पेणकर: 'हिचे बारा वाजलेत, माझेही.' एका ओळीत दोन्ही!

टंकमोडी: सुटसुटीत आहे, पण तो तिला लाडाने 'ओल्ड गर्ल' म्हणतोय. बारा वाजण्यात माया कुठे?

कावेरी७१: मग 'म्हातारी'च ठेव की. बोट दिसतेच ना पडद्यावर?

टंकमोडी: दिसते. 'म्हातारी आता फार दिवस काढत नाही. माझाही पिट्ट्या पडलाय.' हेच टाकतेय.

पेणकर: 'पिट्ट्या' पुण्यामुंबईच्या पोरांना कळणार नाही.

शब्दवेल्हाळ: न कळायला काय झालं? माझी नात रोज म्हणते.

आरोग्यमित्र: सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या. वय किती आहे?